बाकाखाली पाय हलवायला रबरी पट्टा – कुणी वापरलाय का? (मुलगा चौथीत)

सुरंगी, चिपळूण

नमस्कार मंडळी. मुलगा चौथीत आहे. अभ्यासात बरा आहे, पाढे तोंडपाठ, गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही, पण एका जागी बसणं म्हणजे त्याला शिक्षा. बसला तरी पाय चालूच. शाळेत दोघांचा जोडबाक आहे लोखंडी पाइपचा, त्यामुळे ह्याने पाय हलवला की अख्खा बाक हलतो आणि शेजारच्या मुलीचं अक्षर वेडंवाकडं येतं, तिच्या आईने ते वहीच्या फोटोसकट वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, मग काय, बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नाहीत हां, पण त्यांचं एकच, "घरी सवय लावा." घरी कसली सवय लावू, घरी सासूबाई येता जाता सांगतच असतात की बसल्या बसल्या पाय हलवू नये, लक्ष्मी जाते. आमच्याकडे ती आली कधी होती तेच मला आठवत नाही.

तर परवा रील बघताना अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेचा व्हिडिओ आला. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जाड रबरी पट्टा ताणून बसवलेला आणि पोरगं त्यावर पाय टेकवून आवाज न करता वरखाली करतंय आणि वर हाताने मस्त लिहितंय. बाउन्सी बँड म्हणतात म्हणे. दुसऱ्या एकात डेस्कच्या खाली झोपाळ्यासारखी हलणारी दांडी होती. शोधलं तर बाहेरून मागवायची किंमत बघून डोळे पांढरे झाले. तेव्हा कुणी वापरलंय का, खरंच लक्ष लागतं का नुसतं खेळणं होतं, आणि घरच्या घरी करता येईल का, आणि मुख्य म्हणजे शाळेला कसं सांगायचं, कारण सहामाही जवळ आलीय आणि मला परत शाळेतून बोलावणं नकोय.

पंपवाला, कणकवली

ताई, किंमत बघूच नका. सायकलच्या दुकानात जा, पंक्चर काढून काढून वैतागून टाकून दिलेल्या ट्यूबा पडलेल्या असतात, फुकट देतात. मी पोरासाठी केलाय घरी. व्हॉल्व्हचा भाग कापून टाकायचा, नाहीतर तो पायाला टोचतो, मग ट्यूब दुहेरी करून खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जमिनीपासून साधारण वीतभर वर बांधायची. जास्त वर बांधली तर गुडघे वर येतात आणि डेस्कला आपटतात, जास्त खाली बांधली तर पाय फरशीला टेकतो आणि मजा जाते. स्कूटरची ट्यूब घेऊ नका, ती फार कडक, पोरगं दमतं.

एक गोष्ट, प्लास्टिकच्या खुर्चीला बांधू नका. ओढ बसली की तिचे पुढचे पाय आत वळतात. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची पाहिजे, आणि तिच्या पायांना आडवी दांडी असेल तर उत्तम, गाठ खाली सरकत नाही. ट्यूबचा काळा रंग मोज्यांना लागतो म्हणून बायकोने वरून जुन्या लेगिंगचा पाय चढवलाय. लक्षाचं म्हणाल तर बाबा रे, गणिताला बसतो आता अर्धा तास, मराठी वाचायला अजून पळतोच. त्याला पट्टा काय करणार.

आंबोळी_उसळ, मालवण

आमच्या येळार मास्तर फोक घेवन उभो असायचो, पाय हललो की पोटरेर एक बसलोच. आता काय, पायाक पण खेळणी व्हयी.

पंपवाला, कणकवली

काका, तो फोक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात बंद झाला, कलम १७ वाचा. आणि तुमचा पण पाय हलतो हां, गेल्या गणपतीत भजनाला माझ्या शेजारीच बसला होतात.

आंबोळी_उसळ, मालवण

तो ताल होतो रे मेल्या.

ओटीवरची_ओटी, गुहागर / सध्या मुंबई

सुरंगीताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे बसणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, मुलांबरोबरच काम करते. पट्ट्याचं नंतर बोलू, आधी एक बघा. तो बाकावर बसला की त्याचे पाय जमिनीला टेकतात का? पूर्ण टेकतात का, म्हणजे टाच सुद्धा?

हे विचारायचं कारण असं की बऱ्याच शाळांत एकाच मापाचे बाक सगळ्या वर्गांना असतात, सातवीच्या पोराला बरा होईल असा बाक चौथीच्या पोराला उंच होतो. पाय लोंबकळत राहतात, बाकाची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात, आणि मग ते पोर काय करणार, पाय हलवणार, नाहीतर पाइपला विळखा घालणार, नाहीतर एक पाय मुडपून त्यावर बसणार. आपण म्हणतो चंचल आहे. माझ्याकडे "स्थिर बसत नाही" म्हणून आणलेल्या मुलांचं मी पहिल्यांदा हेच बघते, आणि त्यातल्या काहींना पायाखाली पाट दिला की निम्मं काम होतं. घरी जुने दिवाळी अंक असतील तर चार-पाच जाडजूड अंक सुतळीने घट्ट बांधा आणि अभ्यासाच्या खुर्चीखाली ठेवा, पाय सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघा साधारण काटकोनात. आठवडाभर बघा फरक पडतो का.

फरक पडला नाही तर मग पट्ट्याचा विचार करा. आता हे चालतं का, तर खरं सांगायचं तर काहींना चालतं. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन अभ्यास आले होते. एक सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या मार्क रॅपोर्ट यांच्या गटाचा, ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांवर. फिरत्या खुर्चीवर बसवून त्यांना डोक्यात आकडे-अक्षरं धरून ठेवायचं काम दिलं आणि हालचाल मोजली. एडीएचडी (म्हणजे लक्ष टिकत नाही, सारखी चुळबुळ, असा मेंदूच्या वाढीतला प्रश्न) असलेली मुलं जितकी जास्त हलत होती तितकं त्यांना ते काम चांगलं जमत होतं. पण ज्यांना एडीएचडी नाही त्यांचं उलट, जास्त हलली तर काम बिघडलं. दुसरा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधला, त्यात १० ते १७ वर्षांच्या मुलांच्या घोट्याला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं, आणि एडीएचडीवाल्या मुलांची उत्तरं जिथे बरोबर आली तिथे त्यांची हालचाल जास्त जोरात होती.

म्हणजे ह्या मुलांच्या बाबतीत पाय हलणं हा लक्ष नसल्याचा पुरावा धरू नका, बहुतेक मेंदू जागा ठेवायची त्यांची ती धडपड असते. पण त्या दोन्ही अभ्यासांत पट्टा कुणीच वापरला नव्हता बरं का, हलणाऱ्या मुलांचं निरीक्षण आहे ते फक्त. नेमक्या पट्ट्यांवर झालेले अभ्यास अगदी छोटे आहेत. विकणारे लोक जाहिरातीत हे सगळं एकत्र घुसळतात.

आणि तुमच्या मुलाला एडीएचडी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्यासाठी लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून पाहिजेत, निदान सहा महिने पाहिजेत, आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसली पाहिजेत, शिवाय त्याने काम अडत असलं पाहिजे. पाढे पाठ आणि गोष्टी रंगवून सांगणारं पोर कदाचित नुसतं वळवळं असेल. शंका असेल तर शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, ते पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. पैसे लागत नाहीत.

खडूफळा, राजापूर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्याकडे पट कमी, दोन शिक्षक आणि पहिली ते पाचवी एकत्रच म्हणा, आणि मोठी गंमत म्हणजे लहान वर्गांना बाकच नाहीत, सतरंजी. वाईट वाटायचं मला आधी, आता वाटत नाही, कारण जमिनीवर बसलेलं पोर सारखं बसणं बदलतं, मांडी घालतं, उकिडवं बसतं, पाय लांब करतं, गुडघ्यावर वही ठेवून लिहितं, आणि कुणाला त्रास नाही. बाक आले की हे सगळं बंद होतं आणि उरतो तो पाय.

वरच्या वर्गांना जोडबाक आहेत, म्हणून सांगतो, ताई, तुमच्या मुलाच्या शाळेतल्या बाकाला तो पट्टा लागणार नाही. दोन माणसांचा बाक लांबीला मोठा, एवढ्या अंतरावर ट्यूब बांधली तर मधे झोळ पडतो, आणि ह्याने दाबली की ती शेजारणीच्या पायाला लागणार. भांडण वाढेल, कमी नाही होणार. आणि पावसात पोरं ओल्या पायांनी येतात, रेनकोटचं पाणी बाकाखाली, तो लेगिंगचा कपडा दिवसभर ओला राहील आणि वास मारेल.

शाळेत मागणी करायचीच तर पट्ट्याची करू नका, जागेची करा. त्याला भिंतीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर एकटा बसवा म्हणावं किंवा एक सुटी खुर्ची-टेबल द्या. मी एका मुलाला मागे खिडकीच्या कट्ट्यापाशी उभ्याने लिहायची परवानगी दिलीय, खिडकीची उंची त्याला बरोबर येते. वह्या वाटायचं काम त्याचं, फळा पुसायचं काम त्याचं, कळशी भरायचं पण त्याचंच. बाकीची पोरं विचारतात सर आम्ही पण उभे राहू का, तर राहा म्हणतो, दहा मिनिटांत बसतात.

आणि तुम्ही म्हणता ती झोके घेणारी दांडी, ती मला वाटतं मिनेसोटातल्या अॅबी ब्राउन नावाच्या सहावीच्या बाईंच्या डेस्कवरून आली. उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून काम करता येईल असं डेस्क त्यांनी एका फर्निचर कंपनीबरोबर तयार केलं आणि खाली पाय टेकवून हलवायला ती दांडी. २००९ च्या सुमाराला अमेरिकेतल्या पेपरात आलं होतं. मला त्यात आवडलं ते हे की मागणी वर्गातल्या बाईंची होती, कंपनी नंतर आली.

टाका_दोरा, दापोली

मी वाचतच होते आणि हसत होते कारण आमच्याकडे हे सगळं आधीपासून आहे, शिवणाची पायमशीन!! सासूबाईंची जुनी मशीन, वरचं डोकं कधीच बिघडलं, दुरुस्त करणारा माणूस आता मिळत नाही, लोखंडी स्टँड तेवढा पडवीत पडून होता. मोठी मुलगी पाचवीत गेल्यावर मी त्याच्यावर फणसाची फळी टाकून घेतली आणि तेच तिचं अभ्यासाचं टेबल. खाली पायडल. चामड्याची वादी आधीच काढून टाकलेली, तरी पायडलने खालचं मोठं चाक फिरतं, जड असतं ना ते, एकदा गती घेतली की बोटाने दाबलं तरी चालत राहतं.

आता खरं सांगते, मुद्दाम काही केलं नव्हतं, टेबल नव्हतं म्हणून केलं. पण ती बसायला लागली. भागाकार करताना पायडल चालू असतं खडखड खडखड, आणि जिथे अडते तिथे पायडल थांबतं. मला स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता कळतं की आता आकडा हातचा राहिलाय, मग मी आतूनच ओरडते.

कुणी करणार असेल तर दोन गोष्टी. चाकाच्या बाजूला प्लायवूडचा तुकडा लावून घ्या, घरात लहान मूल असेल तर नक्कीच, माझी धाकटी रांगती होती तेव्हा तिचा हात जायचा आत आणि ते चाक काही लगेच थांबत नाही. आणि पावसाळ्यात तेल. आमच्या इथे खारी हवा, जून-जुलैत चार दिवस हात लावला नाही तर सांधे लाल होतात आणि असा आवाज येतो की शेजारी विचारतात रहाट बसवला का. मशीनचं तेल सांध्यांत दोन-दोन थेंब, खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं.

कोकम_सोडा, कुडाळ

टाका_दोरा ताई, तुम्ही तर कमाल. पडवीतलं मशीन आमच्याकडे पण आहे, वर कोंबडीने अंडी घातलीत, बघतो.

मी घरून काम करतो, दिवसभर लॅपटॉप, आणि संध्याकाळपर्यंत पायाला सूज. डॉक्टरांनी दर थोड्या वेळाने उठा सांगितलंय पण मीटिंगमध्ये कुठे उठणार. मी वाचलं होतं, मिझुरी विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास, अकरा तरुण माणसांना तीन तास बसवलं, एक पाय स्थिर ठेवायचा आणि दुसरा एक मिनिट हलवायचा, चार मिनिटं थांबायचं, परत एक मिनिट. गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीचं काम हलवलेल्या पायात टिकलं, स्थिर पायात घसरलं. म्हणजे आई म्हणते पाय हलवू नको, आणि रक्त म्हणतं हलव. मला मोठ्या माणसाच्या टेबलाखाली चालेल असं काही सांगा, ट्यूब बांधायची तर ऑफिसची खुर्ची चाकांची आहे.

ओटीवरची_ओटी, गुहागर / सध्या मुंबई

कोकम, चाकांच्या खुर्चीला पट्टा अजिबात नको, पाय ढकलला की खुर्चीच मागे जाते. तुम्हाला डुलणारी पाटी चांगली. फळीच्या खाली दोन अर्धगोल लाकडी पट्ट्या, लहान मुलांच्या झुलत्या घोड्याला असतात तशा, आणि त्यावर दोन्ही पाय ठेवून टाच-चवडा, टाच-चवडा. तुम्ही कुडाळलाच आहात, सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी करणारे आहेत, त्यांना माप देऊन सांगा. वरून रंग देऊ नका म्हणावं, घामाने पाय घसरतो. सूज रोज येते आणि एकाच पायाला जास्त असेल तर मात्र पाटी-बिटी बाजूला ठेवून परत डॉक्टरांना दाखवा.

खडूफळा सर, तुमचं जागेचं शंभर टक्के पटलं. अजून एक जोडते, हे पट्टे सगळ्या वर्गाला वाटायची पण एक टूम निघते, शाळा फोटो काढतात. सगळ्यांना द्यायची गरज नाही, वर सांगितलं तसं काही मुलांचं हलण्याने बिघडतं सुद्धा.

सुरंगी, चिपळूण

किती लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. मधे गणपतीची पाळी आमच्याकडे होती म्हणून उशीर.

ओटीताई, तुमचं ऐकून आधी पाय बघितले आणि मलाच हसू आलं, घरच्या खुर्चीवर त्याचे पाय चांगले चार बोटं वर! जन्मापासून बघतेय त्याला आणि हे कधी दिसलं नाही. दिवाळी अंक बांधले, सासऱ्यांनी आधी कटकट केली की त्यातला एक संग्रही ठेवायचा आहे, मग तो काढून त्याच्या जागी टेलिफोनची जुनी डिरेक्टरी घातली. जेवायला पण तो आता तीच खुर्ची मागतो. हलणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. पायाने खुर्चीला विळखा घालायचा ते घरी तरी थांबलं. मग पंपवाला दादांच्या पद्धतीने ट्यूब बांधली, अंकांच्या गठ्ठ्याच्या थोडी पुढे, म्हणजे टेकवायचं तर गठ्ठा आहे, उडवायचं तर ट्यूब. पहिले दोन दिवस नुसती गलोल केली त्याने तिची, खोडरबर उडवून बघितलं, तिसऱ्या दिवशी विसरला. आता लिहिताना पाय आपोआप जातो तिकडे.

शाळेत मी पट्ट्याचं नावच काढलं नाही. बाईंना एवढंच म्हटलं की त्याचे पाय टेकत नाहीत आणि शेजारच्या मुलीला त्रास होतोय, ते मलाही बरं वाटत नाही, तर कडेला एकटा बसवाल का. बाई स्वतः वाकून बघायला गेल्या, आणि म्हणाल्या अहो ह्या रांगेत निम्म्यांचे टेकत नाहीत. आता मुख्याध्यापकांकडे लाकडी पाट मागितलेत त्यांनी, मिळतील तेव्हा मिळतील. तोवर हा शेवटच्या बाकावर, एकटा, दप्तर पायाखाली घेऊन बसतो. डब्याला पाय लागतो म्हणून डबा वर.

सासूबाईंना ट्यूब आवडलेली नाही. पण परवा त्यांनी स्वतःच वाती वळताना पाय त्यावर ठेवलेले मी बघितले. काही बोलले नाही.

खडूफळा, राजापूर

पाटाला मुख्याध्यापकांची वाट बघू नका. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात, पुढच्या बैठकीत विषय घ्यायला सांगा. गावात एक तरी सुतार असतोच, कुणाच्या तरी घराचं काम चाललेलं असतं, उरलेल्या रिपांतून होतात.

कोकम_सोडा, कुडाळ

कोंबडी हलवली. स्टँड बाहेर काढलाय पण पायडल जाम आहे, हलतच नाही. टाका_दोरा ताई, रॉकेल टाकू का?

टाका_दोरा, दापोली

रॉकेल मिळालं तर टाका, नाहीतर डिझेलचा बोळा सांध्यावर रात्रभर ठेवा, सकाळी चाक हाताने पुढेमागे करत सोडवा, पायाने जोर देऊ नका, उभी दांडी वाकते. सुटलं की सगळं पुसून मग मशीनचं तेल. आणि कोंबडीची घाण आधी धुऊन घ्या, त्याने लोखंड लवकर खातं.

रानमेवा, लांजा

पंपवाला दादा, ट्यूब कितीची घ्यायची? आमच्या इथे दुकानदार विचारतो कुठल्या सायकलची.

पंपवाला, कणकवली

वीस इंची. पोरांच्या सायकलची. दुहेरी केली की खुर्चीला बरोबर येते. मोठ्या सायकलची घेतलीत तर तिहेरी करावी लागेल आणि मग ती हलायची नाही.